मातृत्वाला आधार देणारा टाका

गर्भ चार-पाच महिने सुखरूप वाढतो आणि मग कळा न येताच गर्भाशयाचे मुख उघडून निसटतो. हा आघात पुनःपुन्हा सोसणाऱ्या स्त्रियांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अंथरुणावर पडून राहण्याखेरीज फारसा उपाय नव्हता. तो उपाय शोधणाऱ्यांत अग्रगण्य होते मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

त्यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा गावी झाला. मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेले जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोडे ते निराळे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १९२७ मध्ये ते एम.डी. झाले. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. होऊन ते परतले. १९४० ते १९५५ या काळात ते ग्रँटमध्ये प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

दुबळ्या पडलेल्या गर्भाशयमुखाभोवती, अस्तराखालून पट्टी ओवून ते आवळून धरायचे, ही त्यांची कल्पना. पण पट्टी कशाची? आतड्यापासून केलेला शस्त्रक्रियेचा दोरा शरीरात काही आठवड्यांतच विरघळतो; बारीक दोरा नाजूक मांसात रुततो. पट्टी मात्र अनेक महिने टिकायला हवी. शिरोडकरांनी रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी घेतली आणि १९५५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. शरीर स्वतःचे ऊतक नाकारत नाही, हा तिचा गुण. मात्र त्यासाठी गर्भवतीच्या मांडीवर आणखी एक जखम करावी लागे.

ही अडचण बहुवारिकाने, म्हणजेच पॉलिमरने दूर केली. व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधलेला पॉलिएस्टर कापडासाठी होता; त्याचीच विणलेली फीत पुढे शिरोडकर टाक्यासाठी रूढ झाली. ती विरघळत नाही, ताण सहन करते आणि सुमारे ५ मिलिमीटर रुंद असल्याने दाब विभागून देते. साधारणपणे ३६-३७ व्या आठवड्यात टाका काढला की नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. तरुण स्त्रियांचे सरकलेले गर्भाशय वर बांधण्याच्या, शिरोडकरांच्याच नावाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतही हीच फीत वापरली जाते.

विणलेल्या धाग्यांच्या फटींत जंतू साठून गर्भपाताचा धोका वाढतो का, अशी शंका पुढे निर्माण झाली. ब्रिटनमध्ये सुमारे २ हजार गर्भवतींवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विणलेला व एकपदरी धागा यांच्यात गर्भ गमावण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविण्यात आले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मांडीतील पट्टीची जागा कृत्रिम धाग्याने घेतली, तरी जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत त्या टाक्याला आजही शिरोडकरांच्याच नावाने ओळखले जाते.