आकाशपाळणा घडविणारा लोखंडाचा पारखी

बारामती - वैशाखातील संध्याकाळ. गावाबाहेरच्या मैदानावर यात्रेची गर्दी दाटलेली असते. आकाशपाळण्यापुढे लांब रांग लागलेली असते आणि एवढ्यात वळवाचे ढग चढून येतात. धुळीचा लोट उठतो. पाळणेवाला यंत्र मंद करतो, एकेक पाळणा खाली आणून माणसे उतरवून घेतो आणि तिकिटाची खिडकी बंद होते. तासभर ताटकळलेली मुले हिरमुसतात, मोठी माणसे पैसे परत मागू लागतात. कधी वारा नसतो, पाऊस नसतो. तरीही परवानगीचा कागद हाती न आल्याने पाळणा नुसताच उभा राहतो आणि त्याच्याकडे पाहत घरी परतावे लागते.

मोरगावच्या मयूरेश्वराची यात्रा, करंज्याच्या सोमेश्वराची श्रावणातील यात्रा, नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह जयंतीचा उत्सव, इंदापूरच्या चाँदशहावली बाबांचा उरूस. बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे वर्ष अशा यात्रा-उरुसांनी बांधलेले आहे. या भागातील माणसाला रोलर कोस्टरसाठी खोपोलीसारख्या ठिकाणाची वाट धरावी लागते. आकाशपाळणा मात्र त्याच्या दाराशी येतो. म्हणूनच तो बंद दिसला की होणारा विरसही मोठा असतो. ज्या माणसाच्या नावाने हा पाळणा इंग्रजीत जगभर ओळखला जातो, त्या जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस यांच्या आयुष्यात नकार, विलंब आणि बंदी यांचे हेच प्रसंग वारंवार आले. त्यांची कहाणी म्हणूनच जाणून घेण्यासारखी आहे.

वाळवंटातील बालपण

फेरिस यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८५९ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग या गावी झाला. गावाच्या संस्थापकाचेच नाव त्यांना देण्यात आले होते. ते पाच वर्षांचे असताना, १८६४ मध्ये, कुटुंबाने पश्चिमेची वाट धरली आणि नेवाडातील कार्सन खोऱ्यात बस्तान बसविले. तेथे नदीकाठी पाणी उपसणारे एक मोठे चाक होते. त्याच्या भरून वर येणाऱ्या आणि रिकाम्या होऊन खाली जाणाऱ्या डब्यांकडे हा मुलगा तासन्‌तास पाहत बसे, अशी आख्यायिका सांगतात. आपल्याकडच्या जुन्या विहिरींवरील रहाटगाडगे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती सहज पटावी.

ओकलंडच्या लष्करी शाळेत शिक्षण घेतल्यानंतर फेरिस न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील रेन्सेलर तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. १८८१ मध्ये ते स्थापत्य अभियंता म्हणून बाहेर पडले. तो काळ लोहमार्गांचा आणि पुलांचा होता. लोखंडाची जागा पोलाद घेऊ लागले होते. पण प्रत्येक कारखान्यातून निघणारे पोलाद सारख्याच गुणाचे असे नव्हते. तुळई वरून निर्दोष दिसे आणि आतून पोकळ निघे. फेरिस यांनी नेमकी हीच उणीव हेरली. पिट्सबर्ग येथे त्यांनी स्वतःच्या नावाने कंपनी काढली. पूल बांधणाऱ्यांसाठी आणि रेल्वे कंपन्यांसाठी पोलादाची परीक्षा करणे आणि जे खरे उतरणार नाही ते नाकारणे हा तिचा व्यवसाय होता. वालचंदनगरला अवजड यंत्रे घडविणाऱ्या कामगारांना या कामाचे मोल सांगण्याची गरज नाही. १८८६ मध्ये मार्गारेट बीटी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पाळण्याशी या माणसाचा तोवर काहीही संबंध नव्हता.

परवानगी मिळाली आणि गेली

१८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गुस्ताव्ह आयफेल यांनी ३०० मीटर उंचीचा मनोरा उभा केला. अमेरिकेने १८९३ मध्ये शिकागो येथे कोलंबसच्या सफरीच्या चारशे वर्षांनिमित्त जागतिक प्रदर्शन भरविण्याचे ठरविले, तेव्हा आयफेलला उत्तर काय द्यायचे, हा मानाचा प्रश्न झाला. प्रदर्शनाचे प्रमुख वास्तुशिल्पकार डॅनियल बर्नहॅम यांनी अभियंत्यांना जाहीर आव्हान दिले. बहुतेकांनी आयफेलपेक्षा उंच मनोऱ्याचेच आराखडे आणले. फेरिस यांनी मात्र मनोरा बाजूला ठेवून चाक सुचविले. एका उपाहारगृहात मित्रांसमवेत जेवताना चाकाचा आकार, डब्यांची संख्या आणि तिकिटाचा दर हे सारे एकाच बैठकीत आपण ठरविले, असे ते पुढे सांगत असत.

माणसे बसवून फिरविण्याची चाके जगाला नवी नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी तुर्की साम्राज्यातील जत्रांत इंग्रज प्रवासी पीटर मंडी यांनी ती पाहिली होती. आपल्या जत्रांतील हाताने फिरवायचा चार पाळण्यांचा लाकडी रहाट त्याच जातीचा. विल्यम सॉमर्स यांनी १८९२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पन्नास फुटांची लाकडी चाकेही उभारली होती. फेरिस यांचे चाक मात्र २६४ फुटांचे, म्हणजे ८० मीटरचे होते. एवढे मोठे फिरते यंत्र तोवर कोणी बांधलेले नव्हते.

हे चाक सायकलच्या चाकाप्रमाणे बारीक आऱ्यांवर तोलले जाणार होते. त्या आऱ्यांनी भार रेटायचा नव्हता, ताणून धरायचा होता. पुलांच्या हिशेबात मुरलेल्या अभियंत्याला ते उमगत होते. प्रदर्शनाच्या संचालकांना ते कोळ्याचे जाळे वाटले. वाऱ्याने ते मोडेल, माणसे मरतील, अशी त्यांना भीती होती. १८९२ च्या वसंतात परवानगी देण्यात आली आणि दुसऱ्याच दिवशी ती काढून घेण्यात आली.

संचालकांची भीती निराधार नव्हती. स्वतः फेरिस यांचा व्यवसाय संशयावरच उभा होता. त्यांनी आपल्याच योजनेला तोच न्याय लावला. पदरचे पैसे घालून सविस्तर आराखडे करून घेतले. त्यांचे सहकारी विल्यम ग्रोनाऊ यांनी वाऱ्याचा दाब, वजन आणि ताण यांची गणिते मांडली. अखेर १६ डिसेंबर १८९२ रोजी परवानगी मिळाली. प्रदर्शन सुरू होणार होते १ मे १८९३ रोजी. हातात साडेचार महिने होते, तेही शिकागोच्या कडक हिवाळ्यातील. शिवाय देशात आर्थिक मंदी सुरू होत होती आणि भांडवल मिळणे अवघड झाले होते.

गोठलेल्या जमिनीवरचा पाया

जानेवारीत खोदाई सुरू झाली. वरची जमीन तीन फुटांपर्यंत गोठलेली होती आणि तिच्याखाली पाणी सुटलेली वाळू होती. वाफ सोडून माती वितळवावी लागली. कालविलेले काँक्रीट थिजू नये म्हणून त्यालाही वाफेचीच ऊब द्यावी लागली. त्या पायावर १४० फूट उंचीचे दोन मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या माथ्यावर चाकाचा आस चढविण्यात आला. साडेपंचेचाळीस फूट लांबीचा आणि सुमारे ४० टन वजनाचा हा आस पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे घडविण्यात आला होता. माळेगाव, सोमेश्वरनगर किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात चरकाचा रोलर बसविताना किती कसरत होते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी त्याच्या कित्येक पट वजन १४० फुटांवर चढविण्याची कल्पना करून पाहावी.

सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून आले आणि प्रथमच एकमेकांना जोडले गेले ते थेट मैदानावर. त्यांत दुरुस्तीला वाव नव्हता. येथे फेरिस यांच्यातील पारखी कामास आला. प्रत्येक भाग तपासून मगच तो जागेवर बसविला जात होता.

१ मे उजाडला, प्रदर्शन सुरू झाले. पण चाक अपूर्णच होते. लांबून आलेले प्रेक्षक अर्धवट सांगाड्याकडे पाहून परत जात होते. रोजच्या उत्पन्नावर पाणी पडत होते. ९ जूनला डबे न लावताच चाक पहिल्यांदा फिरविण्यात आले. दोन दिवसांनी काही डबे लावून पुन्हा चाचणी झाली आणि मार्गारेट फेरिस स्वतः त्यात बसल्या. घाई करून चाक आधी खुले करता आले असते का, हा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला असेल. फेरिस यांच्या माणसांनी मात्र सर्व ३६ डबे लावून होईपर्यंत लोकांना वर नेले नाही. २१ जून १८९३ रोजी, म्हणजे तब्बल सात आठवड्यांच्या विलंबाने, चाक सर्वांसाठी खुले झाले.

वीस मिनिटांची शिस्त

प्रत्येक डब्यात चाळीस फिरत्या खुर्च्या होत्या आणि साठ माणसे मावत होती. एका वेळी २,१६० माणसे वर जाऊ शकत होती. तिकीट होते ५० सेंटचे आणि त्यात दोन फेऱ्या मिळत. पहिली फेरी चढ-उतारासाठी थांबत थांबत पूर्ण होई, दुसरी सलग नऊ मिनिटांची असे. साऱ्याला वीस मिनिटे लागत. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद केली जात, जाड काचांच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या आणि आत रखवालदार असे. चाक फिरविण्यासाठी हजार अश्वशक्तीचे एक यंत्र चाले आणि तसेच दुसरे राखीव ठेवलेले असे. थांबविण्यासाठी रेल्वेगाड्यांना लावतात तसले हवेच्या दाबाचे ब्रेक होते.

आज पाळण्यात बसताना आडवी दांडी लावायला लावतात, उभे राहू देत नाहीत, लहान मुलाला एकटे चढू देत नाहीत. ही शिस्त अनेकांना जाचक वाटते. त्या शिस्तीची बीजे शिकागोच्या या चाकातच सापडतात.

९ जुलैला खरी कसोटी लागली. शिकागोवर प्रचंड वादळ आले. प्रदर्शनातील बांधून ठेवलेला मोठा फुगा त्यात फाटून गेला. त्याच वाऱ्यात फेरिस यांचे चाक मात्र उभे राहिले. वादळात फेरिस स्वतः पत्नीसह वर गेले होते, असेही सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, गणिताने आपला शब्द पाळला होता. प्रदर्शन संपेपर्यंत सुमारे साडेचौदा लाख लोकांनी चाकातून फेरी मारली. तिकिटांचे उत्पन्न सात लाख डॉलरच्या पुढे गेले.

चाक थांबले

पोलादाने दगा दिला नाही, पण व्यवहाराने दिला. उत्पन्नाच्या वाटणीवरून प्रदर्शनाच्या कंपनीशी वाद झाला आणि तो न्यायालयात गेला. कल्पना आपली असल्याचे सांगत सॉमर्स यांनीही दावा ठोकला. तो पुढे टिकला नाही, पण खर्च आणि मनस्ताप टळला नाही. प्रदर्शन संपल्यावर चाक काही महिने जागीच उभे राहिले आणि १८९४ मध्ये उतरविण्यात आले. पुढे शिकागोच्याच उत्तर भागात लिंकन पार्कजवळ ते पुन्हा उभारले गेले आणि ऑक्टोबर १८९५ पासून फिरू लागले. तेथील सुखवस्तू रहिवाशांना गोंगाट आणि गर्दी नको होती. ते न्यायालयात गेले. चाक हटले नाही, परंतु तेथे प्रदर्शनासारखी गर्दीही कधी जमली नाही. कर्ज वाढतच गेले.

१८९६ मध्ये मार्गारेट त्यांना सोडून गेल्या. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला पिट्सबर्गच्या रुग्णालयात विषमज्वराने फेरिस यांचे निधन झाले. वय होते अवघे ३७. त्यांच्या अस्थी नेण्यासाठी कोणी न आल्याने त्या वर्षाहून अधिक काळ तेथेच पडून होत्या. लाखो लोकांना आकाश दाखविणाऱ्या माणसाचा शेवट असा झाला.

चाकाचा शेवटही फारसा वेगळा नव्हता. १९०३ मध्ये ते भंगाराच्या भावाने विकले गेले. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात ते पुन्हा एकदा फिरले आणि ११ मे १९०६ रोजी सुरुंगाने उडवून देण्यात आले.

मागे काय उरले?

शिकागोच्या चाकात बसून गेलेल्यांपैकी विल्यम सुलिव्हन हे पूल बांधणारे गृहस्थ होते. सुटे करून गावोगाव नेता येईल असे छोटे चाक त्यांनी तयार केले आणि १९०० मध्ये इलिनॉयमधील जॅक्सनव्हिल येथे ते खुले केले. ट्रकमधून येऊन रातोरात उभ्या राहणाऱ्या आपल्या यात्रेतील पाळण्याचे नाते या चाकाशी अधिक जवळचे आहे. तो दर मुक्कामी नव्याने जोडला जातो, म्हणून त्याची तपासणीही दर मुक्कामी नव्याने व्हावी लागते. गेल्या गावात ठीक चाललेला नटबोल्ट या गावात ठीक असेलच, असे नाही.

प्रगत यंत्रेही यातून सुटलेली नाहीत. दुबईतील ऐन दुबई हे २५० मीटरचे, जगातील सर्वांत उंच चाक ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२२ मध्ये बंद झाले. ते पुन्हा फिरू लागले डिसेंबर २०२४ मध्ये. आपल्याकडे २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे यात्राच रद्द झाल्या, तेव्हा पाळणेवाल्यांच्या चुली थंडावल्या. बंदचा फटका केवळ हौशी प्रेक्षकाला बसत नाही, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

म्हणूनच परवानगीचा कागद वेळेत निघावा, तपासणी यात्रेआधी व्हावी, पाळणा बंद असेल तर तसा फलक लागावा आणि तिकिटाचे पैसे विनातक्रार परत मिळावेत, ही प्रेक्षकांची अपेक्षा रास्तच आहे. परंतु वारा सुटल्यावर पाळणा थांबविणाऱ्या माणसावर राग काढणे रास्त नाही. फेरिस यांना मिळालेले काही नकार आडमुठेपणाचे होते, काही शहाणपणाचे. सात आठवडे उशीर पत्करून चाक पूर्ण होईपर्यंत माणसे वर न नेण्याचा नकार तर त्यांचा स्वतःचाच होता. पुढच्या वैशाखात वळवाचे ढग चढून आले आणि पाळणेवाल्याने खिडकी लावून घेतली, तर रांगेतल्या मुलांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाऊस थांबेपर्यंत ती सहज पुरेल.