पाच पौंडांची उधारी, अर्ध्या इंचाचा हट्ट

मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलायची, ही आठवण परभणीतल्या बहुतेक आजी-आजोबांकडे आहे. त्यांना एकदा कारण विचारून बघा. आपली लाइन मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर. मनमाडहून मुंबईकडे जाणारी ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरची. माप जुळत नाही म्हटल्यावर डबा पुढे जाणार कसा? मग ट्रंका, वळकट्या उचला आणि दुसरी गाडी गाठा. नव्वदच्या दशकात रुंदीकरण झालं, तेव्हा कुठे ही धावपळ थांबली.

माप एकच असलं की गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात आणि टिकतात. खेळण्यांच्या दुनियेत हे ओळखून आयुष्यभर धरून ठेवणारा माणूस म्हणजे फ्रँक हॉर्नबी. जुन्या मॉडेल ट्रेन जमवणारे जगभरातले शौकीन आजही खोक्यावर त्याचं नाव शोधतात.

इंजिनिअर नाही, कारकून!

हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. इंजिनिअरिंगचं शिक्षण शून्य. वडिलांच्या धंद्यात रोखपाल म्हणून तो बसला. डोक्यात मात्र यंत्रं. कधीच न थांबणारं यंत्र बनवायचा नाद त्यानं केला, पाणबुडीही करून पाहिली. दोन्ही फसलं. १८९९ मध्ये वडील गेले, धंदा बंद पडला आणि हा गडी मांस आयात करणाऱ्या डेव्हिड एलियट यांच्याकडे हिशेब लिहायला लागला.

घरी रोलंड आणि डग्लस ही दोन पोरं. त्यांच्यासाठी तो पत्रा कापून पूल, क्रेन बनवायचा. पण प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापत बसायचं म्हणजे वेळ जाणारच. तिथं त्याला युक्ती सुचली. सगळ्या पट्ट्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर एकसारखी भोकं पाडायची. मग कोणतीही पट्टी कुठंही बसते. आज क्रेन केली, उद्या नट-बोल्ट सोडवून त्याच पट्ट्यांचा पूल.

पेटंटसाठी पैसे नव्हते. मालकाकडून, म्हणजे एलियट यांच्याकडूनच, त्यानं पाच पौंड उसने घेतले आणि १९०१ मध्ये पेटंट मिळवलं. पुढे एलियट भागीदारही झाले. प्राध्यापक हेले-शॉ यांच्यासारख्या नावाजलेल्या इंजिनिअरनं शिफारस केल्यावर या खेळण्याला वजन आलं. १९०७ मध्ये त्याचं नाव ठरलं मेकॅनो, आणि पुढच्याच वर्षी कंपनी उभी राहिली. वय ४५! १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना आला.

रुळावर आली गाडी

पहिल्या महायुद्धापूर्वी चावीच्या खेळण्यातल्या गाड्या म्हणजे जर्मनीचा माल. युद्धानं तो तुटला. १९२० मध्ये हॉर्नबीनं स्वतःची चावीची गाडी बाजारात आणली. रुळांचं माप ३२ मिलिमीटर. गंमत म्हणजे तीसुद्धा नट-बोल्टांची होती! पोरांनी ती पूर्ण उघडायची आणि पुन्हा जोडायची. १९२५ मध्ये विजेवरची गाडी आली, १९३४ मध्ये डिंकी नावाच्या छोट्या मोटारी. मधल्या काळात हिशेबनीस हॉर्नबी खासदारही झाला होता. २१ सप्टेंबर १९३६ रोजी तो गेला.

दोनच वर्षांनी त्याच्या कंपनीनं छोटी ‘डब्लो’ मालिका काढली, रूळ १६.५ मिलिमीटरचे. पुढे मात्र खरा फटका बसला तो प्लॅस्टिकचा. १९५० मध्ये रोव्हेक्सनं आणि मग १९५२ पासून ट्राय-अँगनं स्वस्त प्लॅस्टिकच्या गाड्या आणल्या. धातूच्या डब्लोला ती किंमत परवडेना. १९६४ मध्ये ट्राय-अँगच्या मालकांनी हॉर्नबीची कंपनीच विकत घेतली. पण बघा, पुढच्याच वर्षी प्लॅस्टिकच्या गाड्यांच्या खोक्यावर ट्राय-अँगच्या जोडीला हॉर्नबी हे नाव आलं. हरलेल्याचं नाव जिंकलेल्याला हवं होतं! १९७९ मध्ये बिन्स रोडच्या कारखान्याला कुलूप लागलं. नाव अजून चालू आहे.

पन्नाशीच्या दशकातल्या या प्लॅस्टिक गाड्या जमवणं सोपं नाही. सुरुवातीचं प्लॅस्टिक काळानुसार आक्रसतं, डबे केळ्यासारखे वाकतात. चाकांच्या कडा जाड असल्यामुळे आजच्या नाजूक सांध्यांवर ती अडखळतात. म्हणून शौकीन आधी छप्पर सरळ आहे का ते बघतात, मग मूळ खोकं आहे का विचारतात. पण रुळांचं माप मात्र तेच, १६.५ मिलिमीटर. साधे रूळ मिळाले आणि मोटर शाबूत असली, तर सत्तर वर्षांचं इंजिन आजही धावतं.

हे छोटं जग प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून तिथं रुळांवर अख्खं शहर चालतंय. सुट्टीत गेलात तर काचेच्या पलीकडे बघताना एक विचार करा. आपल्या घरातली किती खेळणी, किती यंत्रं आज उघडून पुन्हा जोडता येतात? मोडलं की फेकलं, हीच सवय झालीय ना? हॉर्नबीकडे पदवी नव्हती, भांडवल तर उसनं होतं. पण पोरांच्या हातात त्यानं खेळण्याबरोबर पानाही दिला. एखाद्या रविवारी बंद पडलेला पंखा फेकण्याआधी तो पाना तुम्हीही हातात घ्या. मात्र आधी प्लग काढा!