मॅसीच्या नावातला फर्ग्युसन

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. आमच्या दादाच्या डोक्यात सध्या एकच विषय आहे. आजोबांच्या काळातली लाल मॅसी गोठ्याशेजारी उभी असते. तिचं इंजिन थकलंय, तर ते काढून जास्त एचपीचं बसवायचं आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढायच्या, असा प्लॅन आहे. पुरावा म्हणून त्याने मला रील्स दाखवले. मागे उसाचा डोंगर, पुढची चाकं हवेत आणि खाली लाइक्सचा पाऊस. माझं लक्ष मात्र आमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवरच्या पुसट अक्षरांकडे गेलं. मॅसी फर्ग्युसन. मॅसी तर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण हा फर्ग्युसन कोण? शोधायला बसलो आणि कळलं, की ट्रॅक्टरला ताकद किती हवी, यावरून हा माणूस आयुष्यभर लोकांशी भांडत होता.

हॅरी फर्ग्युसन. जन्म ४ नोव्हेंबर १८८४, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या काउंटी डाउनमधला. घरी शेती, वडील कडक शिस्तीचे, भावंडं अकरा. गंमत म्हणजे पुढे जगाची शेती बदलणाऱ्या या पोराला शेतातल्या कामाचा मनापासून कंटाळा होता. कॅनडाला निघून जायचं त्याच्या मनात होतं. पण १९०२ मध्ये मोठ्या भावाने त्याला बेलफास्टमधल्या आपल्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात घेतलं, आणि गडी तिथेच रमला. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखण्यात त्याचा हातखंडा होता. पुढे विमानाचं वेड लागलं. दुसऱ्यांची विमानं बघून आला आणि स्वतःच बनवायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ रोजी जोरदार वाऱ्यात त्याने ते सुमारे १२० मीटर उडवलं. आयर्लंडच्या भूमीवर इंजिनाच्या विमानाचं ते पहिलं उड्डाण. हॅरी तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

म्हणजे मोठ्या इंजिनाचं आकर्षण त्यालाही होतंच की! मग विचार बदलला कुठे? तर पहिल्या महायुद्धात.

युद्धामुळे अन्नाची टंचाई होती. एव्हाना हॅरीचं स्वतःचं गॅरेज होतं आणि तो अमेरिकन ट्रॅक्टर विकायचा. १९१७ मध्ये सरकारने त्याला आयर्लंडभर फिरून ट्रॅक्टरची नांगरट सुधारायचं काम दिलं. विली सँड्स हा त्याचा हुशार मेकॅनिक सोबत होता. फिरताना दोघांना एक गोष्ट खटकली. ट्रॅक्टर आला होता, पण नांगर अजूनही घोड्यामागे बांधावा तसाच मागे अडकवलेला असायचा. त्यात जिवाचा धोका होता. समजा, जमिनीतल्या दगडात फाळ अडकला. नांगर हलत नाही, मागची चाकं जागच्या जागी रुतली, पण इंजिन काही थांबत नाही. चाक फिरत नसेल, तर इंजिनाची ताकद ट्रॅक्टरलाच मागच्या अ‍ॅक्सलभोवती फिरवते. पुढची चाकं उचलली जातात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. त्या काळात फोर्डसन ट्रॅक्टरखाली सापडून अनेक शेतकरी मेले.

आता दादाच्या रीलमधली ती हवेतली चाकं आठवा. स्टंट वाटतो तो अपघाताचा पहिला अर्धा भाग असतो.

यावर तेव्हाचं उत्तर सोपं होतं, ट्रॅक्टर आणखी जड करा. पण जड ट्रॅक्टर माती दाबून टाकतो, तेल जास्त पितो आणि लहान शेतकऱ्याला परवडत नाही. हॅरीने इंजिन आणि वजन दोन्ही बाजूला ठेवलं आणि नांगर आणि ट्रॅक्टर यांच्यामधल्या जोडावर काम सुरू केलं. सुरुवातीला त्याने ईरॉससाठी नांगर बनवला. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला किट लावून तिचा ट्रॅक्टर करायचा, तो हा ईरॉस. म्हणजे जुगाड तेव्हाही होतेच! १९२६ मध्ये त्याला त्याचं सगळ्यात महत्त्वाचं पेटंट मिळालं.

फंडा असा आहे. खाली दोन आर्म, वर एक टॉप लिंक. या तीन जागी नांगर ट्रॅक्टरला घट्ट जोडलेला असतो. माती फाळाला अडवते, तेव्हा नांगर वरच्या बाजूने पुढे कलायला बघतो आणि टॉप लिंकमधून ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्यामुळे पुढची चाकं उचलायच्या ऐवजी जमिनीला धरून राहतात. नांगराचं वजन आणि मातीची ओढ मागच्या चाकांवर येते, त्यांची पकड वाढते. रेटा वाढला की हायड्रॉलिक आपोआप नांगर थोडा वर घेतं. आणि फाळ दगडाला अडलाच, तर मागच्या चाकांवरचा तो जादा भार निघून जातो, चाकं जागेवर घसरतात आणि ट्रॅक्टर उलटत नाही. हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरचं काम करतो, तेही कमी इंजिनात.

१९३३ मध्ये त्याने ही पद्धत दाखवायला काळ्या रंगाचा एक नमुना ट्रॅक्टर बनवला. इंजिन अमेरिकेच्या हर्क्युलिस कंपनीचं, विकत आणलेलं. बाजारात आलेल्या त्याच्या सगळ्या ट्रॅक्टरांचं असंच आहे. कधी कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, कधी कॉन्टिनेंटल, कधी स्टँडर्ड. इंजिन दुसऱ्याचं, जोड मात्र हॅरीचा.

१९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन या इंग्लिश उद्योजकाबरोबर उत्पादन सुरू झालं, पण विक्री रडतखडत. ब्राउनचं मत पडलं, की जास्त ताकदीचा, मोठा ट्रॅक्टर काढू. हॅरी हटून बसला. त्याला किंमत कमी करायची होती, एचपी वाढवायची नव्हती. दोघांचं फाटलं. ऑक्टोबर १९३८ मध्ये हॅरी एक ट्रॅक्टर घेऊन थेट अमेरिकेला, हेन्री फोर्डकडे पोचला. प्रात्यक्षिक बघून फोर्ड खूश झाला आणि दोघांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. कागद नाही, सही नाही. १९३९ मध्ये त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला आणि १९४७ पर्यंत तीन लाखांवर बनले.

मग फोर्डच्या नातवाने हा करार संपवला आणि फर्ग्युसनचीच पद्धत वापरून ८ एन नावाचं नवं मॉडेल काढलं. हॅरीने २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. १९५२ मध्ये तडजोडीत साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. तोंडी व्यवहाराची किंमत यापेक्षा कडू शब्दांत कुणी शिकवली नसेल.

याच ८ एनची पुढची गोष्ट दादासाठी खास आहे. कॅन्सस राज्यात फंक नावाचे जुळे भाऊ होते, मूळचे विमानं बनवणारे. त्यांनी या ट्रॅक्टरमध्ये फोर्डची सहा सिलिंडरची आणि व्ही-८ इंजिनं बसवायची किट विकायला सुरुवात केली. पंचवीसच्या आसपास एचपीचा ट्रॅक्टर शंभराच्या घरात गेला. म्हणजे इंजिन बदलणं अशक्य नाही. पण अशा ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन हाच पाठीचा कणा असतो, पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा गिअरबॉक्स त्यालाच बोल्टने जोडलेले. म्हणून फंक बंधूंना भार पेलणारे खास ओतीव भाग बनवावे लागले. आणि एवढं करूनही गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि ब्रेक जुन्या ताकदीसाठीच बनवलेले. ओढ तर शेवटी चाकाच्या पकडीइतकीच मिळते. उरलेली ताकद एक तर चाक घसरवते, नाहीतर काहीतरी मोडते, नाहीतर पुढची चाकं उचलते.

हॅरीने तोवर इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत, करड्या रंगाचा टीई-२० काढला होता. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत तो पाच लाखांवर बनला. याच छोट्या ट्रॅक्टरांना पट्टे चढवून एडमंड हिलरीची टीम ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचली. त्याआधी, १९५३ मध्ये, हॅरीने आपली कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. सौद्यात दहा लाख डॉलरचा फरक उरला, तेव्हा त्याने नाणं उडवायला लावलं. हरला, आणि शांतपणे सोडून दिले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी तो गेला. त्याच सुमारास मद्रासमध्ये टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन भारतात बनू लागला. आज मॅसी असो, महिंद्रा असो की स्वराज, मागे नांगर किंवा रोटाव्हेटर जोडायचे तीन पॉइंट हॅरीचेच आहेत.

हे सगळं मी दादाला सांगितलं. त्याने हो-नाही काहीच केलं नाही. आरसी बुकवर इंजिन नंबर असतो आणि बदलायचा तर आरटीओची परवानगी लागते, हे ऐकून मात्र जरा थबकला. मग आम्ही सीटशेजारचे हायड्रॉलिकचे दोन लिव्हर बघितले. एक नांगर वर-खाली करायचा, तो घासून चकचकीत झालेला. दुसरा ड्राफ्ट कंट्रोलचा, मातीचा रेटा ओळखून नांगर सांभाळणारा, ज्यासाठी हॅरीने उमेदीची वर्षं घातली. तो गंजून जागेवर बसला होता. आमच्या घरात तो कधी कुणी वापरलाच नव्हता.

दादाने त्याच्यावर तेल सोडलंय. आधी तो मोकळा होऊ दे, इंजिनाचं मग बघू, असं सध्या ठरलंय.