खाशाबा जाधव: सहाव्या नंबरावरून ब्राँझपर्यंत काय बदललं आणि गोल्ड कुठे राहिलं?

स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा पैलवान, एवढी खाशाबा जाधवांची ओळख सगळ्यांना असते. पण त्याच खाशाबांचा १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा नंबर आला होता. मग पुढच्या चार वर्षांत असं काय बदललं?

कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ ला त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तालीम घरातच होती. पुढे शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले आणि तिथून कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने थेट लंडन गाठलं.

तिथे पहिली अडचण होती मॅट. लाल मातीत कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. मॅटवर वेळ ठरलेली, नियम वेगळे आणि निकाल पंचांच्या हातात. पाय रोवायची पद्धतही वेगळी. लंडनमध्ये अमेरिकन कोच रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटची ओळख करून दिली. फ्लायवेट गटातला सहावा नंबर नवख्यासाठी मोठा होता, पण खाशाबांचं समाधान झालं नाही.

गावी परतल्यावर त्यांनी मेहनत वाढवली आणि वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये उतरले. अंगकाठी लहान, पण चपळाई जबरदस्त. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९५२ ला तर संघात जागा मिळवायलाच झगडावं लागलं. मद्रासच्या स्पर्धेत त्यांना गुणांवर मागे ठेवलं गेलं, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली आणि ती त्यांनी मारली. मग प्रश्न आला पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीई आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्यापुढे मात्र ते हरले. लांबलेली एक कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावलं, मधे विश्रांतीचा हक्क होता, पण तो मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता, असं सांगितलं जातं. इशीईंना गोल्ड, मामेदबेकोव यांना सिल्व्हर आणि खाशाबांना ब्राँझ. तारीख होती २३ जुलै १९५२.

विश्रांती मिळाली असती तर गोल्ड आलंच असतं, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण वरच्या नंबरांवरच्या खेळात फरक इतका कमी असतो की अर्ध्या तासाची विश्रांतीही मोलाची ठरते. मॅट, वजनगट, डाव हे सगळं खाशाबांनी स्वतःच्या मेहनतीने जमवलं. मैदानाबाहेर त्यांच्या बाजूने बोलणारं माणूस त्यांना एकट्याला उभं करता येणार नव्हतं.

कराडला बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या भरवून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. १९५५ ला ते पोलिस खात्यात लागले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

भारताला पुढचं वैयक्तिक पदक १९९६ ला टेनिसमध्ये लिएंडर पेसने मिळवून दिलं. कुस्तीतल्या पुढच्या पदकासाठी तर २००८ उजाडावं लागलं. तोपर्यंत ५६ वर्षं उलटून गेली होती.