गोसेवक मणिभाई देसाई

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगाव हे तालुके आहेत. पश्चिमेस नाणेघाट व भीमाशंकर यांचे डोंगर आणि पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांची खोरी असा हा मुलूख आहे. नारायणगाव वा मंचरजवळच्या एखाद्या वस्तीवर पहाटे गेले, तर गोठ्यात काळी-पांढरी, वशिंड नसलेली गाय उभी दिसते आणि दुधाची किटली घेऊन कोणीतरी डेअरीच्या वाटेस लागलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी येथे अशी गाय नव्हती. त्या काळी गाय पाळीत ती मुख्यतः बैलांसाठी. वासराने पिऊन जे शेर-अर्धा शेर दूध उरे, ते घरातच संपे. हे चित्र पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत मणिभाई देसाई यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

मणिभाईंचा जन्म सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी १९२० साली एका शेतकरी कुटुंबात झाला. ते विज्ञानाचे विद्यार्थी होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी उडी घेतली व तुरुंगवास भोगला. पुढे ते महात्मा गांधींच्या सहवासात आले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे काही दिवस राहिले व गोरगरिबांसाठी त्यांनी तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. आश्रमाचा भार त्यांनी तरुण मणिभाईंवर सोपविला. आपला देह उरुळीतच पडेल, असे वचन मणिभाईंनी त्यांस दिले. ते अविवाहित राहिले आणि गुजरातेतील घर त्यांनी कायमचे सोडले.

आश्रमाच्या कामातच गोसेवा होती. मणिभाई काही पशुवैद्य नव्हते. गुरांचे शास्त्र त्यांस ठाऊक नव्हते. पण ठाऊक नाही म्हणून थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी ग्रंथ मिळविले, रात्री वाचन केले आणि दिवसा गोठ्यात ते पडताळून पाहिले. काठेवाडातील गीर जातीच्या गाई त्यांनी आणल्या. फुगीर कपाळाच्या व लांब, लोंबत्या कानांच्या या गाई पाहता पाहता उरुळीस रुळल्या. कोणती गाय किती दूध देते, कोणत्या वळूची कालवड आईहून सरस निघते, याची नोंद ठेवून निवड करावयाची, हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

या प्रयोगातूनच एक अडचण पुढे आली. निवडीने जात सुधारते खरी, परंतु त्यास कित्येक पिढ्या लागतात. देशी कालवड प्रथम विण्यास बहुधा तीन-चार वर्षांची होते. तोवर गरीब शेतकऱ्याने काय खावे? होल्स्टीन व जर्सी या परदेशी जातींशी संकर केल्यास कालवड लवकर विते आणि दूध अनेक पटींनी वाढते. तथापि देशी गाईत परदेशी रक्त मिसळणे अनेकांस रुचणारे नव्हते, आणि मणिभाई तर स्वतः गीर गाईंवर जीव लावणारे! तरी शेतकऱ्याचे पोट आधी, असा निर्णय त्यांनी केला. या निर्णयाची किंमतही होती. संकरित गाईस ऊन सोसत नाही, तिला चारा-पाणी व औषध वेळेवर लागते आणि वशिंड नसल्याने तिचा गोऱ्हा जुवाखाली नीट चालत नाही.

१९६७ साली त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच 'बायफ', ही संस्था स्थापन केली. उत्तम वळूचे रेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात गोठवून ठेवले, तर ते वर्षानुवर्षे टिकते. एका वळूपासून अशा रीतीने हजारो वासरे होऊ शकतात. परंतु गाईचा माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. तेवढ्यात गाय कोसभर दूरच्या केंद्रात हाकीत नेणे शेतकऱ्यास कसे परवडावे? म्हणून बायफने उलटा मार्ग धरला. गाय केंद्रात न नेता बायफचा कार्यकर्ताच रेताचे भांडे घेऊन शेतकऱ्याच्या दारी जाऊ लागला. ही गोष्ट दिसते लहान; पण शास्त्र गोठ्यापर्यंत पोहोचले ते याच वाटेने. हे काम महाराष्ट्राबाहेर इतर राज्यांतही पसरले. पुढे गुजरातेतील वासदा भागातील आदिवासींच्या उजाड जमिनींवर आंब्याच्या वाड्याही बायफने उभ्या केल्या.

मणिभाईंस १९६८ साली पद्मश्री व १९८२ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. गांधीजींनी आश्रम त्यांच्या हाती सोपविला, त्यास तेव्हा ४७ वर्षे झाली होती.