महात्मा गांधी: दुखण्यांतून उठतांना



बारामती व इंदापूर या तालुक्यांतील कित्येक कुटुंबांस शस्त्रक्रियेसाठीं पुण्याची वाट धरावी लागली आहे. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत उरकते. पुढचे दिवस मात्र सरतां सरत नाहींत. उसाला पाणी द्यावयाचें राहतें, टांके ओढतात, आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाचें मन खचूं लागतें. अशा मनास आधार व्हावा म्हणून आपल्याच जिल्ह्यांत घडलेला, महात्मा गांधींच्या चरित्रांतील एक भाग येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजीं पोरबंदर येथें झाला. विलायतेंत बॅरिस्टर होऊन ते दक्षिण आफ्रिकेंत गेले, व तेथें वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या देशबांधवांच्या हक्कांसाठीं झगडून 1915 सालीं स्वदेशीं परतले.

आजारपणांत त्यांचें धैर्य कधींच ढळलें नव्हतें, असें मात्र नाहीं. 1918 सालीं खेडा जिल्ह्यांत फिरत असतां त्यांस आमांशानें गांठलें. शरीर इतकें क्षीण झालें कीं, त्यांस जगण्याची गोडी उरली नाहीं. अंतकाळ आला असेंच ते समजले. दूध न घेण्याचें त्यांचें व्रत होतें. अखेर कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनीं शेळीचें दूध घेतलें, आणि हळूहळू शक्ति परत आली. एवढा थोर पुरुषही निराश झाला होता, हें आजाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

मार्च 1922 मध्यें राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली, व ते येरवड्याच्या तुरुंगांत होते. जानेवारी 1924 मध्यें त्यांच्या पोटांत तीव्र कळा येऊं लागल्या. अपेंडिक्स सुजलें होतें. 12 जानेवारी रोजीं त्यांस ससून रुग्णालयांत आणिलें. ज्यांनीं 1909 सालीं आपल्या 'हिंद स्वराज्य' या पुस्तकांत रुग्णालयांवर कडक टीका केली होती, त्यांनींच आतां श्रीनिवास शास्त्री यांच्या समक्ष संमतिपत्रावर कांपत्या हातानें सही केली, आणि कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनाच्या हातीं आपला देह विश्वासानें सोंपविला. त्या रात्रीं वादळ होऊन विजेचे दिवे मालवले, तेव्हां उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें.

खरी परीक्षा त्यानंतरची होती. 5 फेब्रुवारीस सरकारनें त्यांस बिनशर्त मुक्त केलें. पण आजारामुळें सुटका व्हावी, हें त्यांस रुचलें नाहीं. देशांतील कामें खोळंबलीं होतीं, तरी ते मार्चपर्यंत ससूनमध्येंच राहिले, व पुढें मुंबईनजीक जुहू येथें समुद्रकांठीं एका स्नेह्याच्या बंगल्यांत गेले. भेटीस येणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हां आपणांस विश्रांतीची गरज आहे असें त्यांनीं जाहीरपणें कळविलें. आश्रमांतील कांहीं आजाऱ्यांनाही त्यांनीं तेथें बोलावून घेतलें, आणि स्वतः दुबळे असतांना त्यांची काळजी वाहिली. एप्रिलमध्यें वृत्तपत्रांचें संपादन पुनः हातीं घेतलें. मोतीलाल नेहरू व चित्तरंजन दास यांच्याशीं तेथेंच चर्चा केल्या. मे महिना सरतांना ते साबरमतीस परतले. शस्त्रक्रियेस तेव्हां चार महिन्यांहून अधिक काळ लोटला होता!

त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत हिंदु-मुसलमानांच्या ऐक्यासाठीं दिल्लींत त्यांनीं एकवीस दिवसांचें उपोषण केलें, आणि डिसेंबरांत बेळगांवच्या काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविलें. 30 जानेवारी 1948 रोजीं मारेकऱ्याच्या गोळ्यांनीं त्यांचा अंत झाला. म्हणजे त्या शस्त्रक्रियेनंतर चोवीस वर्षें ते देशाच्या कामीं आले.

वाचकहो, जखम भरण्यास जो वेळ लागतो तो वायां गेलेला वेळ नव्हे, असें आम्हांस या चरित्रावरून वाटतें. गांधीजींनीं घाई केली नाहीं. त्याचप्रमाणें हातपाय गाळूनही ते बसले नाहींत. वैद्यांचें ऐकावें, सोसेल तेवढेंच काम हातीं घ्यावें, शेजारच्या खाटेवरील माणसाची विचारपूस करावी. एवढें तर कोणासही साधण्याजोगें आहे. ज्युबिलीच्या या आनंदांत जे अंथरुणामुळें सामील होऊं शकले नाहींत, त्यांच्या घरीं ही स्मरणिका कोणी तरी अवश्य पोंचवावी, व दोन घटका त्यांच्यापाशीं बसावें, एवढीच आमची विनंती आहे.