विष्णू दिगंबर पलुस्कर

पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर (१८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड – २१ ऑगस्ट १९३१, मिरज) हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक आणि गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक होते. गायक म्हणून त्यांची कीर्ती मोठी होती. तरी हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात त्यांचे स्थान मुख्यतः संगीतशिक्षक घडवणारे म्हणून आहे. गाणे किंवा वाद्य शिकवणे हा प्रतिष्ठेचा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो आणि त्यासाठी वेगळी तयारी करून घ्यावी लागते, ही कल्पना त्यांनी प्रथम लाहोर येथे आणि पुढे मुंबईत प्रत्यक्षात आणली.

बालपण

पलुस्करांचा जन्म दक्षिण महाराष्ट्रातील कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस या गावावरून पलुस्कर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते, त्यामुळे पदे, अभंग आणि तालाचा ठेका ही घरातलीच गोष्ट होती. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याचा चेहऱ्याजवळ स्फोट होऊन त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी त्यांना मिरजेला नेण्यात आले, पण दृष्टी पूर्ववत झाली नाही. पुस्तकी शिक्षण पुढे नेणे अवघड झाल्याने त्यांना संगीताकडे वळवण्यात आले. पुढे ज्यांनी क्रमिक पुस्तके आणि स्वरलिपी यांवर इतका भर दिला, त्यांना स्वतःला वाचन कष्टाचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मिरजेतील तालीम

मिरजेत त्यांनी पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे सुमारे बारा वर्षे तालीम घेतली. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांना दिले जाते. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय असल्याने पलुस्करांच्या निर्वाहाची सोय झाली होती. शिक्षण जुन्या गुरुकुल पद्धतीचे होते: गुरूच्या घरची सेवा, एकच पलटा महिनोन्‌महिने घोटणे, लिहून काहीच न देणे. या पद्धतीने त्यांचा गळा तयार झाला. तिच्यातील उणिवाही त्यांना दिसल्या. विद्यार्थ्याला काय, कधी आणि किती मिळेल हे सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर अवलंबून होते.

दुसरी बोच गायकांच्या सामाजिक स्थानाची होती. मिरजेतील एका समारंभाला पलुस्करांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही, कारण ते केवळ गवई मानले जात, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

भ्रमंती आणि लाहोर

त्यानंतरची काही वर्षे प्रवासात गेली. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशा ठिकाणी त्यांनी मैफली केल्या. मथुरेत त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. दरबारी आश्रयाऐवजी तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचा प्रयोग त्यांनी याच काळात केला. श्रोता हाच आश्रयदाता झाला, तर श्रोताही शिक्षित हवा, हा विचार त्यातूनच पुढे आला असावा.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या राजाच्या खजिन्यावर न चालता लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि मैफलींचे उत्पन्न यांवर चालणारी ही संस्था होती. बडोद्यात मौलाबक्ष यांनी त्याआधीच सरकारी आश्रयाने संगीतशाळा चालवली होती, त्यामुळे शाळेत संगीत शिकवण्याची कल्पना अगदी नवी नव्हती. नवे होते ते स्वावलंबन आणि शाळेने स्वतःचे शिक्षक स्वतः तयार करण्याची योजना. आरंभी विद्यार्थी मिळेनात आणि पलुस्कर एकटेच तंबोरा लावून रियाज करीत बसत, असे सांगतात.

उपदेशक वर्ग

महाविद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. फी भरून ठरावीक वेळी येणारे बाहेरचे विद्यार्थी हा पहिला प्रकार. दुसरा उपदेशक वर्गाचा. या वर्गातील मुलांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था संस्था करी, फी घेत नसे, आणि त्याबदली विद्यार्थ्याने अनेक वर्षे शिकून पुढे संगीतप्रसाराचे काम करण्याचे बंधन पत्करावे लागे. यांतील बरेच जण सामान्य स्थितीतील मराठी घरांतून आलेले होते. विनायकराव पटवर्धन १९०७ मध्ये मिरजेहून थेट लाहोरला गेले, ते लहान वयात.

उपदेशकाकडून अपेक्षा केवळ चांगल्या गाण्याची नसे. परगावी एकट्याने शाखा उभी करायची, तर वर्गात सूर धरण्यापासून ठेका देण्यापर्यंत सर्व त्यालाच करावे लागणार. म्हणून गायनाच्या जोडीला तबला, हार्मोनियम यांसारख्या वाद्यांचेही शिक्षण दिले जाई. मृदंग आणि तबल्याचे अध्यापन गुरुदेव पटवर्धन यांच्याकडे होते. मुंबईत दक्षिणेतील व्हायोलिनवादक परूर सुंदरम अय्यर यांनीही विद्यालयात शिकवले. वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्या वर्गाला शिकवीत. अध्यापनाचा सराव असा शिकता शिकताच होई.

या शिक्षणासाठी पाठ्यपुस्तके नव्हती, ती पलुस्करांनी तयार केली. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ आणि ‘रागप्रवेश’ यांचे भाग निघाले; मृदंग-तबला वादनावरही पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘संगीतामृत प्रवाह’ हे नियतकालिक संस्थेतर्फे चालवले जाई. पुस्तकांसाठी त्यांनी स्वतंत्र स्वरलेखन पद्धती बसवली. तिच्यात स्वराचा कालावधी दाखवणारे चिन्ह त्या स्वराखाली दिले जाते. विष्णू नारायण भातखंडे यांची पद्धती लिहायला सोपी असल्याने पुढे अधिक पसरली. लयीचे बारीक हिशेब दाखवण्यात पलुस्करांची पद्धती नेमकी होती, पण नवख्याला ती किचकट वाटे.

मुंबई

सप्टेंबर १९०८ मध्ये पलुस्करांनी मुंबईत शाखा सुरू केली. येथील मध्यमवर्गीय वस्तीतून विद्यार्थ्यांचा ओघ इतका वाढला की संस्थेचे मुख्य केंद्रच लाहोरहून मुंबईला आले. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग होते. सभ्य घरातील मुलीने गाणे शिकणे आक्षेपार्ह मानले जात असे, त्या काळातली ही गोष्ट आहे. वाद्यांच्या दुरुस्तीचा कारखाना आणि छापखानाही संस्थेला जोडलेला होता.

सँडहर्स्ट रोडवर (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) विद्यालय आणि वसतिगृहासाठी इमारत बांधण्यात आली. त्यासाठी मोठे कर्ज काढावे लागले. फी न देणाऱ्या उपदेशकांचा खर्च, इमारतीचे व्याज आणि शिक्षकांचा निर्वाह हे सारे मुख्यतः एका माणसाच्या मैफलींवर चालले होते, आणि योजनेची खरी दुर्बलता हीच होती. पलुस्कर गावोगावी गात फिरत आणि मिळकत कर्जात जाई. १९२४ मध्ये ते दौऱ्यावर असतानाच सावकारांनी मालमत्तेवर जप्ती आणली आणि इमारतीचा लिलाव झाला.

अखेरची वर्षे

या काळात त्यांचे मन रामभक्तीकडे वळले होते. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली, नाशिक येथे रामनाम आधार आश्रम स्थापन केला आणि तुलसी रामायणावर प्रवचने केली. ‘रघुपती राघव राजाराम’ या धूनेची सर्वपरिचित चाल त्यांची मानली जाते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली असतानाही त्यांनी ते पूर्ण गायले. त्यांच्या संस्थेच्या हिंदू धार्मिक वळणामुळे मुसलमान उस्तादांच्या परंपरेला नव्या शिक्षणव्यवस्थेत पुरेशी जागा मिळाली नाही, अशी टीका अलीकडच्या अभ्यासकांनी केली आहे.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्यांची बहुतेक अपत्ये लहानपणीच दगावली होती. वाचलेले पुत्र दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचे होते; त्यांची पुढील तालीम वडिलांच्या शिष्यांनीच केली आणि द. वि. पलुस्कर या नावाने ते प्रसिद्ध गायक झाले.

शिष्य आणि संस्था

आपल्याला तानसेन नव्हे तर कानसेन घडवायचे आहेत, अशी पलुस्करांची भूमिका होती. प्रत्यक्षात त्यांच्या वर्गातून मोठे गायकही निघाले, आणि त्यांतील बहुतेकांनी आयुष्यभर शिकवले. ओंकारनाथ ठाकूर यांनी लाहोरच्या विद्यालयाचे काम पाहिले आणि स्वातंत्र्यानंतर बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत विभाग उभारला. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात संगीतशिक्षक झाले. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये गिरगावात स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले. शंकरराव आणि नारायणराव व्यास या बंधूंनी दादरला व्यास संगीत विद्यालय चालवले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले.

पलुस्करांच्या निधनाच्या वर्षीच शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मंडळाच्या गायन, वादन आणि नृत्याच्या परीक्षा देशभर घेतल्या जातात, आणि शाळेत संगीतशिक्षक होऊ इच्छिणारे अनेक उमेदवार आजही मंडळाची विशारद परीक्षा देतात. भारतीय टपाल खात्याने १९७३ मध्ये पलुस्करांचे तिकीट काढले. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे.